आवाज मोजता येत नाही

चर्चा संपते. पीठासीन अधिकारी विचारतात, प्रस्तावाच्या बाजूचे कोण? एका बाजूने 'होय'चा गलका उठतो. विरोधात कोण? दुसऱ्या बाजूने 'नाही'चा. मग वरून निवाडा येतो: मला वाटतं, 'होय'चं बहुमत आहे. हे वाक्य ओळीने दोन-तीनदा म्हटलं जातं आणि कायदा मंजूर होतो. त्यातल्या 'मला वाटतं'कडे कुणाचं लक्ष जात नाही, पण कोट्यवधी लोकांना लागू होणारा नियम त्या दोन शब्दांवर उभा असतो. कोणाचा आवाज मोठा वाटला, यावर.

२० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक दोन विधेयकं याच पद्धतीने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभाजन, म्हणजे आवाजाऐवजी मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितलं होतं. मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते, असं पीठाचं म्हणणं. आम्ही जागेवरच होतो, असं मागणाऱ्यांचं. गोंधळात काही काळ दूरचित्रवाणीवरचा आवाजही बंद झाला, म्हणजे ज्या दिवशी आवाजावरून निर्णय व्हायचा होता त्याच दिवशी प्रेक्षकांना तो ऐकू आला नाही. त्या दिवशी सरकारकडे बहुमत होतं का? असेलही. पण आज कुणालाच ते सिद्ध करता येणार नाही, सरकारलासुद्धा नाही. पुढे आंदोलन झालं, सरकारने माघार घेतली, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांतून एकाच दिवसात, चर्चेविना, पुन्हा आवाजीनेच पार पडलं. हे कायदे चांगले होते की वाईट, यावर भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक एका गोष्टीत सारखेच नागवले गेले. राज्यसभेतल्या आपल्या सदस्याने आणताना काय केलं आणि घालवताना काय केलं, हे त्यांना कागदावर दाखवता येत नाही.

संसदेच्या पारदर्शकतेची चर्चा निघाली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॅमेरा येतो. थेट प्रक्षेपण आहे ना, मग आणखी काय हवं? माझं म्हणणं असं की कॅमेऱ्याने संसद दिसायला लागली, पण तिचा हिशेब लागायला लागला नाही. कोणी कोणत्या कलमावर कुठे हात वर केला, तो मजकूर वाचायला किती वेळ मिळाला होता, आणि मजकुरात बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला, एवढं जिथे शोधता येतं त्या संसदेला मी उघडी म्हणेन. बाकीचा झगझगाट असला काय, नसला काय.

भारताच्या लोकसभेत मतं नोंदवणारं यंत्र १९५७ सालापासून आहे, त्यामुळे अडचण यंत्राची नाही. अडचण नियमात आहे. आवाजी निर्णयाला कुणी आव्हान दिलं तर साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात, प्रश्न पुन्हा विचारला जातो. पुन्हा आव्हान आलं तर यंत्राने किंवा चिठ्ठ्यांनी मतं घेतात. पण त्याच नियमाला एक शेपूट आहे. विभाजनाची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना नुसतं उभं करून डोकी मोजू शकतात, आणि अशा वेळी मतदारांची नावं नोंदली जाणार नाहीत, असं नियमच सांगतो. मला ही ओळ फार बोलकी वाटते. मोजणीला हरकत नाही, नावाला आहे.

हे नावाचं भय जुनं आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने १७३८ मध्ये ठराव करून आपल्या चर्चा छापणं हाच हक्कभंग ठरवला, तोही अधिवेशन नसतानासुद्धा. छापणाऱ्यांनी यावर गमतीदार तोडगा काढला. एका मासिकाने लिलिपुट नावाच्या काल्पनिक देशातल्या सभेचे वृत्तांत छापायला घेतले, नावांची मोडतोड करून. वाचणाऱ्याला कोण कोण आहे ते कळायचं. त्यातली बरीच भाषणं सॅम्युअल जॉन्सन घरी बसून, मिळालेल्या तुटक टिपणांवरून रचत असे. पत्रकारितेच्या इतिहासात हा किस्सा कौतुकाने सांगतात. मला त्यात उलटी गोष्ट दिसते: अधिकृत नोंद नाकारली की नोंद थांबत नाही, ती कल्पनेतून भरली जाते आणि खरं-खोटं वेगळं करण्याचा मार्ग संपतो. १७७१ मध्ये कॉमन्सने मुद्रकांना पकडायला माणूस पाठवला, तर लंडन शहराच्या दंडाधिकाऱ्यांनी मुद्रकांना सोडून त्या माणसावरच कारवाई केली. शहराचा महापौर ब्रास क्रॉस्बी त्यापायी टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात गेला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि त्यानंतर वृत्तांत छापू न देण्याचा आग्रह कॉमन्सने गुपचूप सोडून दिला. सोडला म्हणजे मान्य केला असं नव्हे. चालू दिलं, इतकंच. आणि छापील शब्दांना मोकळीक मिळाल्यावरही मतदानाच्या अधिकृत याद्या नावांसकट प्रसिद्ध व्हायला १८३६ साल उजाडावं लागलं. दोघांमध्ये पासष्ट वर्षांचं अंतर. भाषण बाहेर जाऊ द्यायला सभागृहं लवकर तयार होतात, कारण भाषण ही जाहिरात असते. मत बाहेर जाऊ द्यायला वेळ लावतात.

भारतातही छापण्याच्या हक्काला बरंच झगडावं लागलं. संसदेतलं बोलणं प्रामाणिकपणे छापणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा १९५६ मध्ये झाला तो फिरोज गांधींच्या खासगी विधेयकातून. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो रद्द झाला, त्यांच्याच पत्नीच्या सरकारकडून. १९७७ मध्ये परत आला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. सत्तेला अडचण झाली की सर्वांत आधी काय बंद होतं, हे या तीन सालांवरून कळतं.

आता कॅमेऱ्याबद्दल. ब्रिटिश कॉमन्समध्ये तो २१ नोव्हेंबर १९८९ रोजी आला. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात दहा वर्षं आधी, भारतात टप्प्याटप्प्याने, आणि २००६ ते २०२१ लोकसभेची स्वतःची वाहिनी होती. कॅमेऱ्याने भाषणं लांबली, टाळ्या वाढल्या, फलक आले, ही तक्रार सगळीकडे आहे आणि ती खोटी नाही. पण माझी तक्रार निराळी. कॅमेऱ्याची कळ सभागृहाच्याच हातात असते. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत तेलंगण निर्मितीचं विधेयक मंजूर होत असताना प्रक्षेपण बंद पडलं होतं. एका राज्याचे दोन भाग होत होते आणि ज्यांचं राज्य दुभंगत होतं त्यांच्यासमोर काळा पडदा होता. सरकार तेव्हा वेगळ्या पक्षाचं होतं, हेही इथे नमूद करतो, म्हणजे हा लेख कोणत्या पक्षाविरुद्ध आहे ते शोधण्याचा त्रास वाचेल.

चित्र आणि नोंद यांतली फारकत कधी कधी विनोदी होते. पीठ एखादा शब्द 'कामकाजातून वगळतं'. तो शब्द देशाने थेट ऐकलेला असतो, त्याची चित्रफीत संध्याकाळपर्यंत हजारो फोनवर असते, पण अधिकृत वृत्तांतात त्याच्या जागी काही नसतं. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला एक चिडलेलं सभागृह दिसेल, कशावर चिडलं ते दिसणार नाही. अमेरिकेत याच्या नेमकं उलट. तिथे न केलेलं भाषणही नोंदीत टाकण्याची मुभा होती आणि बोलल्यासारखंच ते छापलं जाई. ऑक्टोबर १९७२ मध्ये हेल बॉग्ज या नेत्याचं विमान अलास्कात बेपत्ता झालं, आणि दोनच दिवसांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, नोंदीत त्यांचं सविस्तर भाषण छापून आलं, जणू ते सभागृहात उभे होते. पुढे, १९७८ पासून, न बोललेल्या भाषणांना खूण करायला सुरुवात झाली.

हे सगळं ऐकून एक सभ्य आक्षेप येतो. मतदाराला गुप्त मतदान देता, मग प्रतिनिधीला का नाही? त्यालाही दबाव असतो. नाव उघड झालं की तो सद्सद्विवेकाने कसा वागेल? मला यात मूळ चूक दिसते. मतदाराचं मत त्याचं स्वतःचं असतं, त्याचा जाब मागण्याचा हक्क मालकाला, जमीनदाराला, घरातल्यांनाही नाही. म्हणून ते झाकायचं. खासदाराचं मत उसनं आहे. ज्यांच्याकडून उसनं आणलं त्यांना ते कुठे खर्च झालं हे विचारता आलंच पाहिजे.

इटलीने याचा प्रयोग दीर्घकाळ करून पाहिला. तिथल्या संसदेत कायद्यांवरचं अंतिम मतदान गुप्त असे. परिणाम असा, की सरकारकडे कागदावर बहुमत आणि पेटीतून निघे पराभव. आपल्याच आघाडीला अंधारातून टिपणाऱ्या या सदस्यांना तिथे 'नेमबाज' अशा अर्थाचं टोपणनावच पडलं होतं. १९८८ मध्ये बहुतेक मतदान उघड करण्यात आलं. राष्ट्राध्यक्षाची निवड मात्र अजून गुप्तपणे होते, आणि २०१३ मध्ये रोमानो प्रोदी यांच्यासारखा मोठा नेता स्वतःच्याच बाजूच्या शंभरेक अदृश्य मतांनी पडला. ते शंभर जण कोण, हे आजही उघड नाही. त्यांतल्या कुणाचा विवेक जागा झाला होता आणि कुणाचा सौदा, हे कसं ओळखायचं? गुप्ततेने धैर्यवान माणसाला मिळतं तेवढंच संरक्षण विकल्या गेलेल्यालाही मिळतं, आणि मला वाटतं दुसऱ्याला त्याची गरज जास्त असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १९७० पर्यंत दुरुस्ती सूचनांवर मतदान व्हायचं ते सदस्यांना रांगेने चालवून, नुसती डोकी मोजून. १९७० च्या कायद्याने तिथे नावं नोंदवायला सुरुवात झाली. मग नोंदवलेल्या मतदानांची संख्या झपाट्याने वाढली, आणि विरोधकाला अडचणीत आणण्यासाठीच मांडलेल्या दुरुस्त्याही वाढल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या याद्या रोज वाचतो कोण? सामान्य मतदार नाही. वाचतो पैसे लावलेला गट. ज्याला देणगी दिली त्याने सांगितल्याप्रमाणे मत दिलं की नाही, याची पावतीच त्याला मिळू लागली. आक्षेप मला मान्य आहे. पारदर्शकता सगळ्यांना सारखी उपयोगी पडत नाही. ज्याच्याकडे वाचायला माणसं आहेत त्याला ती आधी फळते. पण यादी लपवून हा गट आंधळा होत नाही, त्याचे दूत आतच बसलेले असतात. त्यावर उपाय म्हणजे तो गट स्वतःच उजेडात आणणं. जर्मनीत २०२२ पासून आणि फिनलंडमध्ये २०२४ पासून संसदेवर वजन टाकणाऱ्यांना सक्तीच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. खासदाराला भेटायला कोण येतं, कोणाच्या वतीने येतं, हे मतांच्या यादीशेजारी ठेवून पाहिलं की पावतीची दुसरी बाजूही वाचता येते.

तिसरा आक्षेप भारतात हमखास ऐकू येतो आणि त्याला उत्तर देणं मला सोपं जात नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर खासदार पक्षादेशाविरुद्ध गेला तर सदस्यत्वच धोक्यात येतं. मग नावं नोंदवून काय कळणार? पक्षाची यादीच पुन्हा छापून येईल. बरोबर आहे, बरंचसं तसंच होईल. तरीही दोन गोष्टी दिसतील. एक, गैरहजेरी. न पटणाऱ्या विधेयकाच्या दिवशी आजारी पडणारे, मतदारसंघात 'अत्यावश्यक काम' निघणारे सदस्य प्रत्येक संसदेत असतात, आणि आवाजी मतदानात गैरहजर माणूसही त्या गलक्यात मिसळून जातो. दोन, पक्षादेश कशाकशावर काढला जातो, हे ताडून पाहता येईल. खरं तर पक्षादेशच जाहीर व्हायला हवा. पक्षाने आपल्या सदस्याला लेखी हुकूम द्यायचा, तो मोडला तर घटनेच्या आधारे त्याची खुर्ची काढायची, आणि तो कागद मात्र पक्षाचा खासगी पत्रव्यवहार, हे न पटणारं आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मला सगळी दारं सताड उघडी हवी आहेत. तसं नाही. काही खोल्या बंदच असाव्यात. अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बंद खिडक्यांआड, बाहेर शब्द न नेण्याच्या नियमाखाली लिहिली गेली. त्या सभेतले एक सदस्य जेम्स मॅडिसन यांची सविस्तर टिपणं छापली गेली ती १८४० मध्ये, ते गेल्यानंतर. उघड्यावर तडजोड करणं अवघड असतं, कारण कालच्या भाषणापासून मागे सरकलं की ती हार दिसते. भारताच्या संविधान सभेने मधला मार्ग धरला. मसुदा समितीची आणि इतर समित्यांची बसून केलेली कामं बंद खोलीत, पण मसुदा तयार झाल्यावर त्याच्यावरची चर्चा खुल्या सभागृहात, शब्दन्‌शब्द नोंदवून: ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कुठली दुरुस्ती कोणी मांडली आणि ती का फेटाळली, हे आजही न्यायालयात वाचून दाखवता येतं. झाकली मूठ होती, पण ती शेवटी उघडली, आणि सव्वा लाख मोजूनही दाखवले.

संसदीय समित्यांना हाच निकष लावायला हवा. भारतात खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. तिथे पक्षादेश चालत नाही, कॅमेरा नाही, आणि अनुभवी खासदार सांगतात की खरं काम तिथेच होतं. मला हे पटतं. पण तिथे साक्षही बंद दाराआड होते. अधिकारी काय म्हणाले, उद्योगाचे प्रतिनिधी काय मागून गेले, हे बाहेर कळतं ते अहवालातून, गाळून. ब्रिटनमध्ये १९७९ च्या फेररचनेपासून खात्यांवर नजर ठेवणाऱ्या समित्या साक्षी उघडपणे घेतात आणि अहवाल ठरवायला मात्र दार लावून बसतात. हे विभाजन मला शहाणपणाचं वाटतं. साक्षीदाराला लाज वाटण्याचं कारण नाही, आणि वाटत असेल तर ती वाटायलाच हवी. सदस्यांनी आपापसात मत बदलायला मात्र एकांत मिळावा. अर्थात विधेयक समितीकडे गेलं तर. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के.

इथे प्रश्न वेळेचा येतो. अपारदर्शकतेची सर्वांत स्वस्त युक्ती घाई आहे. काहीच लपवावं लागत नाही. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गोंधळ चालू असताना अर्थसंकल्पी मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविना एकगठ्ठा, आणि त्यामागोमाग वित्त विधेयक असं सगळं काही मिनिटांत उरकलं. त्या विधेयकात परकीय देणग्यांच्या व्याख्येतला एक बदल होता, पूर्वलक्षी, थेट १९७६ पासून लागू. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये देशातल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी परकीय देणग्यांबाबत कायदा मोडल्याचं म्हटलं होतं. या बदलाने दोघांचीही सुटका होत होती. विधेयक छापलेलं होतं. प्रक्षेपण चालू होतं. सभागृह गजबजलेलं होतं. आणि तरीही जवळजवळ कुणाला काही दिसलं नाही. मतविभाजन मागायला दोन्ही बाजूंना काही कारण नव्हतं. मी वारंवार या उदाहरणाकडे येतो ते यासाठी की ज्या विषयावर सभागृहाचे सगळे बाक एकत्र असतात, तिथे विरोधी पक्ष राखणदार म्हणून कामाचा नसतो. अशा वेळी नियमाने सक्तीचा वेळ आणि नियमाने सक्तीची नावं, एवढंच नागरिकाच्या हाती राहतं.

सगळे बाक एकत्र येण्याचं सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनमधलं. खासदारांच्या भत्त्यांचा तपशील माहिती अधिकारात मागितला गेला, तेव्हा कॉमन्सने तो देऊ नये म्हणून उच्च न्यायालयापर्यंत धडक मारली. २००८ मध्ये हरल्यावर पावत्या प्रसिद्ध करायच्या ठरल्या, पण सुरक्षेच्या नावाखाली पत्ते काळे करून. तेवढ्यात, मे २००९ मध्ये, न झाकलेल्या प्रती एका दैनिकाच्या हाती लागल्या. त्यांतून कळलं की काही सदस्य आपलं 'दुसरं घर' कोणतं ते सोयीप्रमाणे बदलत होते आणि प्रत्येक वेळी त्याच्या डागडुजीचा खर्च सरकारकडून घेत होते. घराभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च, बदकांच्या तरंगत्या घराची पावती, यांवर लोक हसले. पण गोम पत्त्यात होती. पत्ते काळे केलेल्या प्रतींवरून घरांची ही अदलाबदल ओळखता आलीच नसती. सभापती मायकेल मार्टिन यांना जावं लागलं, काही सदस्य तुरुंगात गेले. कागद दिला होता, असं सभागृह नंतर खुशाल म्हणू शकलं असतं.

म्हणून एखादी संसद आपल्या संकेतस्थळावर किती हजार पानं टाकते, याने मी भारावत नाही. नुसती छायाचित्रं म्हणून चढवलेली, शोध न घेता येणारी पानं, खासदाराच्या नावाने न लावलेल्या याद्या, मूळ कलम आणि दुरुस्त कलम शेजारी न ठेवलेली विधेयकं: हा सगळा पत्ता काळा केलेला कागद आहे.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर मी फार मोठी मागणी करणार नाही. लोकसभेच्या त्या नियमातलं शेपूट काढा, जिथे उभ्या सदस्यांची नावं नोंदली जाणार नाहीत असं म्हटलं आहे. आणि कायद्याच्या अंतिम मंजुरीला आवाजी मतदान पुरेसं मानू नका, एकाही सदस्याने मागितलं नाही तरी. घटनादुरुस्तीसाठी मतं मोजली जातातच, यंत्र तिथेच आहे, बटणं प्रत्येकाच्या समोर आहेत. जास्तीचा वेळ लागेल तो घंटेचा, साडेतीन मिनिटं.